झिलाचं अर्धं इंजेक्शन

विहिरीजवळच्या माडाच्या बुंध्याला मुंग्या लागल्या होत्या आणि मावशी हातातली भरलेली कळशी तशीच धरून त्यांच्याकडे बघत उभी होती.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. आमचं घर खारेपाटणच्या बाजूला, नदीपासून आत, भातशेतीचं. प्राथमिक शाळेतली पहिली नेमणूक मिठबावला मिळाली, आणि आयुष्यात दोनदाच समुद्र पाहिलेली मी, उशाशी लाटांचा आवाज घेऊन झोपू लागले. खोली मिळाली ती मावशीच्या घरी. ती माझी कुणी लागत नव्हती. सगळं गावच तिला मावशी म्हणायचं. घर मासेमारीचं. तिने मुंबईला एका इस्पितळात तीस वर्षं नर्स म्हणून नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर भावाच्या घराला लागून दोन खोल्या आणि एक पडवी बांधून ती गावी परतली. तिला स्वतःला मधुमेह होता. रोज सकाळी पिचकारी पाण्यात उकळायची, मांडीत सुई टोचायची आणि मग न्याहारीला बसायची. दुसरी एखादी बाई वेणी घालते तितक्या सहजपणे.

घरात आणखी एक जण होता. तांबूस रंगाचा, एक कान मुडपलेला, सात-आठ वर्षांचा कुत्रा. मावशी त्याला ‘झिला’ म्हणायची. आमच्याकडे झिल म्हणजे मुलगा, आणि चेडू म्हणजे मुलगी.

“चेडवा, हयसर ये गो,” मावशीने मला हाक मारली. “ह्यो मुंग्यो बघ.”

“मुंग्यो तर सगळीकडे आसत.”

“सगळीकडे नाय. झिलान पाय वर केल्यान थयच आसत.”

मला काही कळलं नाही. ती कळशी खाली ठेवून आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, “म्हयनोभर तो मडक्यातला पाणी संपयता, दुप्पट खाता, आणि तरी हाडा वर इली. माका आधीच कळाक होया होता.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने एका लांब काठीला नारळाची करवंटी बांधली आणि ती माझ्या हातात दिली. झिलाने माडापाशी पाय वर केला की करवंटी पुढे धरायची, एवढंच काम. मी शाळेची बाई, नेसूचं लुगडं सावरत कुत्र्याच्या मागे काठी घेऊन चालले आहे, हे कुंपणापलीकडून तीन बायकांनी पाहिलं. एकीने विचारलंच, “बाईनू, खंय चाललास?” मी पाय आणखी झपाझप उचलले. पण करवंटी रिकामी आली नाही.

मावशीने ट्रंकेतून काचेची एक नळी काढली, त्यात निळ्या औषधाचा थोडा भाग ओतला, करवंटीतले आठ थेंब मोजून टाकले आणि नळी चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर तापवायला लागली. मी शेजारी बसले. निळा रंग आधी गढूळ झाला, मग हिरवा, मग पिवळा, आणि बघता बघता नव्या कौलासारखा तांबडा झाला. वरून आणखी काहीच न घालता! नुसत्या आचेवर! मी शाळेत मुलांना रंग शिकवत होते, पण एक रंग असा दुसऱ्याच्या पोटातून बाहेर येताना मी प्रथमच पाहत होते.

“तांबडो म्हणजे भरपूर साखर. माझो आजार तेका झालो,” मावशी म्हणाली.

“जनावराक साखरेचो आजार होता?”

“आतून जनावर आणि माणूस येगळा खंय आसता गो?”

त्या आठवड्यात गुरांना लस टोचायला देवगडहून गुरांचे डॉक्टर आले होते. तरुण होते, बुशशर्ट घातलेले. मावशीने त्यांना पडवीत बसवलं आणि साहेबांशी बोलायची तिची खास शहरी मराठी काढून सगळं सांगितलं. त्यांनी झिलाच्या डोळ्यांत पाहिलं, पोट दाबलं, जराशा संकोचाने म्हणाले, “आमच्या पुस्तकात याच्यावर चार ओळी आहेत. प्रत्यक्ष मी एकही असा कुत्रा पाहिलेला नाही. आणि पाहिला असता, तरी औषध कुठून आणणार?”

“औषध माझ्याजवळ आहे, साहेब. मला फक्त किती ते सांगा.”

त्यांनी पुन्हा एकदा झिलाच्या पोटावर हात ठेवला. मग म्हणाले, “मला माहीत नाही. अगदी थोड्यापासून सुरू करा. पुढचं तुम्हीच मला सांगा.”

तिच्या औषधाच्या बाटल्या मुंबईहून ओळखीच्या माणसाबरोबर बोटीने देवगड बंदरात यायच्या. घरात त्या ओल्या वाळूने भरलेल्या मडक्यात, अंधाऱ्या कोपऱ्यात पुरलेल्या असत. झिलाला पहिल्या दिवशी तिने दोन युनिट दिली. टोचण्याआधी बाटली हातात फिरवत तिने मला विचारलं, “ह्या औषध येता खंयसून, ठाऊक आसा?”

“कारखान्यातसून.”

“कारखान्यात येता खंयसून? जनावराच्या पोटात, जठराच्या मागे, एक लहान पिंड आसता. कापलेल्या जनावरांची ती काढतत, आणि तेच्यातसून ह्या थेंब थेंब निघता. पंधरा वर्सा माका जनावरांनीच जगयला. आता तेतूरलाच वायच परत जनावराक.”

आमचं घर गोठ्यातल्या प्रत्येक गाईच्या पाया पडणारं. मला त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही. पण ती किळस नव्हती, हे मला तेव्हाही समजत होतं. एवढ्याशा बाटलीत न बघितलेली किती जनावरं आहेत आणि त्यांच्या जिवावर ही बाई पाणी शेंदते, हसते, माझ्यासाठी भाकरी थापते, या विचाराने हातातला घास हातातच राहिला होता.

दोन महिन्यांत झिला पुन्हा भरला. नळीतला रंग कौलावरून पिवळ्यावर आणि पिवळ्यावरून हिरव्यावर आला. मावशीचा एक नियम होता: स्वतःची सुई जेवणाआधी, पण झिलाची जेवणानंतर. “माका ठाऊक आसता, मी जेवतलंय. तो जेवतलो काय नाय ता तोच जाणा. आधी पोटात किती गेला ता बघायचा, मगे सुई.”

थंडी संपत आली होती. एका शनिवारी रापणीच्या मोठ्या जाळ्यात इतकी तारली मासळी लागली की विकून, वाटून, सुकत घालूनही उरली. उरलेली माडांना खत म्हणून घालायला किनाऱ्यावर एका खड्ड्यात टाकली होती. रविवारी पहाटे झिला त्या खड्ड्याशी जाऊन आला.

मी उठले तेव्हा तो अंगणात मान खाली घालून उभा होता आणि त्याचं पोट आत ओढलं जात होतं. तीनदा ओकला. मग जुलाब सुरू झाले. मावशीने स्वतःची सुई सहा वाजताच घेतली होती आणि न्याहारीला बसणार तोच हे सगळं झालं. ती तशीच उठली. झिलाचं तोंड उघडून तिने वास घेतला आणि मला म्हणाली, “तू बघ. कुजलेल्या काजूच्या बोंडासारखो वास येता काय?”

मी नाक धरून वाकले. “कुजलेल्या माशाचो येता.”

“बरा झाला. रगात अजून आंबूक नाय.”

त्याच्यापुढे ठेवलेल्या भाताला त्याने तोंड लावलं नाही. मला वाटलं, सोपं आहे. मी म्हटलं, “मगे आज सुई देव नको. खाल्ल्यानच नाय तर साखर खंयसून येतली?”

मावशी पायरीवर बसली. मला आजही तिचे ते शब्द तिच्या आवाजासकट ऐकू येतात.

“सगळी सुई दिली आणि पोटात काय ऱ्हवला नाय, तर साखर खाली जातली आणि तो जातलो. अजिबात दिली नाय, तर आजारपणात रगात आंबतला आणि तरीय तो जातलो. दोनय बाजूक दरड आसा, चेडवा. मधली वाट तेवढी एका पावलाची.”

“मगे काय करूचा?”

“अर्धी. आणि डोळे उघडे ठेवायचे.”

पहिले दोन तास तिने त्याला खायला काहीच दिलं नाही. “पोटाक वायच गप बसांदे,” म्हणाली. फक्त उकळून निववलेल्या पाण्यात किंचित मीठ घालून ती बोट भिजवून त्याला चाटू देत होती. चुलीवर उकड्या तांदळाची पेज ठेवली होती. दाणा पार विरघळेपर्यंत ती शिजवली, फडक्यातून गाळली आणि नुसतं दाट पाणी चमच्याने द्यायला सुरुवात केली. दोन चमचे. मग घड्याळात बघून पंधरा मिनिटं थांबायचं. परत दोन चमचे. चार वेळा राहिलं. तेव्हा तिने पिचकारीत औषध ओढलं, उजेडाकडे धरून रेघ बघितली, त्यातलं अर्धं परत बाटलीत सोडलं आणि उरलेलं त्याच्या मानेच्या कातडीत दिलं.

साडेनऊला त्याने सगळी पेज ओकून टाकली.

औषध आत गेलेलं होतं, ते आता परत काढता येणार नव्हतं. मावशी झिलाच्या शेजारी जमिनीवरच बसली आणि उठली नाही. शेजारच्या घरून तिच्या भावाची बायको येऊन विचारून गेली, “गो, वायच जेवून घेतलंस?” मावशीने नुसता हात हलवला.

अकराच्या सुमाराला झिला उठला. पाणी प्यायला निघाला असावा. पण त्याचे मागचे पाय एकमेकांत अडकले, तो बाकाच्या पायाला आपटला, तिथेच उभा राहून डोकं हलवायला लागला. डोळे उघडे होते पण त्यांना काही दिसत नव्हतं. खालचा ओठ थरथरत होता. मग तो कुशीवर पडला आणि पडल्या पडल्या पाय असे मारायला लागला की जणू तो कुठे तरी धावतो आहे.

“गूळ!” मावशी म्हणाली. “पाण्यात कोळ. लवकर!”

मी वाटीत गूळ कोळून आणला आणि त्याच्या तोंडात ओतायला गेले. तिने माझा हात धरला. “ओतू नको, श्वासात जायत! हिरड्येक चोळ. असा.” तिने बोट बुडवून त्याच्या गालाच्या आतून हिरड्यांवर चोळलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा चोळलं. मीही दुसऱ्या बाजूने चोळायला लागले. त्याचे दात माझ्या बोटांना लागत होते, पण भीती वाटायला मन रिकामं नव्हतं.

किती वेळ गेला, सांगता येणार नाही. पाच मिनिटं असतील. आधी पाय थांबले. मग ओठाची थरथर गेली. मग त्याची जीभ बाहेर आली आणि तिने माझं बोट चाटलं, आणि त्या डोळ्यांत तो परत आला. मी दुसरा शब्द वापरू शकत नाही. ज्या डोळ्यांत कुणीच नव्हतं, त्यांत तो परत आला. आणि हे सगळं सुपारीएवढ्या गुळाने केलं होतं.

त्यानंतर मावशीने पेजेत किंचित गूळ मिसळून दर दहा मिनिटांनी एकेक चमचा चालू ठेवला. या वेळी पोटाने ती ठेवली. एकच्या सुमाराला झिला झोपला, श्वास सरळ चालू होता. मी घाण झालेली फडकी घेऊन विहिरीवर गेले.

धुऊन परत आले तर मावशी स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसली होती. हातात पळी होती. मी विचारलं, “मावशी, पेज आणखी ठेवया?”

“कोण तू?” ती वळून ओरडली. “माझ्या घरात काय करतंस? भायर हो!”

असं ती कधीही, कुणाशीही बोललेली नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सकाळपासून मी राबले होते. मी दाराकडे वळलेही. पण वळताना मला तिचा खालचा ओठ दिसला. तो थरथरत होता. कपाळावर घामाचे थेंब होते, आणि त्या दिवशी गार वारा सुटलेला होता. ती माझ्याकडे बघत होती आणि मला बघत नव्हती. हे डोळे मी दोन तासांपूर्वीच पाहिले होते.

सहाची सुई. आणि पोटात काहीच नाही.

मला कुणी सांगितलं नाही. मी गुळाचा डबा ओढला, वाटीत कोळला आणि तिच्याजवळ नेला. तिने हाताने वाटी उडवली. मी पुन्हा कोळला. या वेळी तिच्या मागे बसले, एका हाताने तिला माझ्या छातीशी घट्ट धरलं आणि तिच्या ओठांवर गुळाचं पाणी लावलं. तिने ते चाटलं. पुन्हा लावलं. मग तिने स्वतःच वाटीला तोंड लावलं आणि हळूहळू घोट घ्यायला लागली. तिच्या अंगाचं कापणं माझ्या अंगातून जात होतं. माझ्या दुपटीहून जास्त वयाची, सगळ्या गावाचे ताप-खोकले बघणारी ती बाई माझ्या हातांत होती, आणि तिला परत आणण्यासाठी मला ठाऊक असलेली एकच गोष्ट मी तिच्याच कुत्र्याकडून शिकले होते.

दहा मिनिटांनी ती म्हणाली, “मी जेवलंय नाय मा?”

“नाय.”

“तीस वर्सा लोकांका सांगलंय, सुई घेतलास तर ताटावरसून उठू नका.” तिने पदराने तोंड पुसलं. “मी तुका काय बोललंय?”

“काय नाय.”

“खोटा बोलतंस.” आणि मग ती हसली, आणि हसता हसता रडली. मीही. झिला पलीकडून मान वर करून आमच्याकडे बघत होता.

मी त्याच भांड्यातली पेज एका वाटीत तिला वाढली आणि दुसरीत त्याला. तिच्या पेजेत दाणा होता आणि लोणच्याची फोड होती, त्याची गाळलेली होती, एवढाच फरक. दोघंही एकाच खोलीत, एकाच औषधावर, एकाच पेजेवर बसून होती. मी उंबऱ्यात बसून त्यांच्याकडे बघत राहिले. देवळात उभं राहिल्यावर जसे आपोआप हात जोडले जातात, तसं मला काही तरी होत होतं, पण हात कुणाकडे जोडायचे हे कळत नव्हतं.

संध्याकाळी मी करवंटी घेऊन निघाले तेव्हा कुंपणापलीकडच्या बायकांनी मला हसून विचारलं नाही. एकीने म्हटलं, “कसो आसा गो तो?” नळीत रंग हिरवट आला. मावशीने दुसऱ्या दिवशीही अर्धंच औषध दिलं, पण पेज दाट केली. तिसऱ्या दिवशी तिने मुडदुशी आणवली. आमच्याकडे आजाऱ्याला हाच मासा देतात, अंगाला हलका म्हणून. तो उकडून, काटे काढून, मऊ भातात कालवून दिला. जसजसं खाणं वाढलं तसतसं एकेक युनिट वाढवलं. प्रत्येक वेळी आधी तो किती खातो ते बघायचं, मल बघायचा, रंग बघायचा, मगच सुई. पाचव्या दिवशी तो विहिरीवरच्या कावळ्यावर भुंकला आणि मावशी म्हणाली, “झाला. आता सगळी सुई.”

पुढच्या फेरीला गुरांचे डॉक्टर मुद्दाम आमच्याकडे आले. मावशीने त्यांच्यासाठी सगळं लिहून ठेवायला मला सांगितलं होतं. ती मालवणीत सांगत होती आणि मी शाळेच्या वहीत शुद्ध मराठीत उतरवत होते: पोट बिघडलं तर आधी काय, पेज कशी, अर्धं कधी, गूळ कसा चोळायचा. डॉक्टरांनी पडवीत उभ्या उभ्या ती सहा पानं वाचली. मग दुसऱ्यांदा वाचली. वही खाली ठेवून ते म्हणाले, “हे तुम्ही कुठे शिकलात?”

“वॉर्डात, साहेब. माणसांचं करत होते तेच केलं. फक्त याला विचारता येत नव्हतं, म्हणून जास्त बघावं लागलं.”

ते खाली वाकले. मला वाटलं, झिलाला तपासायला वाकले असतील. त्यांनी मावशीच्या पायांना हात लावला. ती एवढी गडबडली की तिला ‘असू द्या’ म्हणायलाही सुचलं नाही.

झिला त्यानंतर दीड वर्ष जगला. या आजाराने कुत्र्यांचे डोळे जातात, हे आम्हाला त्याच्याकडूनच कळलं. दोन्ही बुबुळं कोवळ्या नारळाच्या मलईसारखी पांढरी झाली आणि काही आठवड्यांत त्याला दिसेनासं झालं. तो पावसाळ्यात, दुपारी, पडवीत झोपेतच गेला. मावशीने त्याला माडांच्या रांगेमागे पुरलं. त्याच वर्षी माझी बदली झाली.

पण मला त्याची आठवण येते ती आंधळा झाल्यानंतरची. संध्याकाळी होड्या परतायच्या वेळेला तो एकटा किनाऱ्यावर चालत जायचा, ओल्या वाळूच्या कडेला थांबायचा. दहा-बारा होड्या एकामागून एक यायच्या. माझ्या डोळ्यांना त्या सगळ्या सारख्याच वाटायच्या. तो सगळ्यांना जाऊ द्यायचा. मग मध्येच शेपूट हलवत सरळ पाण्यात शिरायचा, आणि ज्या होडीकडे तो जायचा ती मावशीच्या भावाची असायची. रोज. एकही दिवस चुकला नाही.

मी एकदा मावशीला विचारलं, “तेका कसा कळता गो? वास येता? आवाज?”

रक्तातल्या साखरेपासून पोटातल्या वाऱ्यापर्यंत प्रत्येक गोष्टीचं उत्तर असलेली ती बाई पाण्याकडे बघत उभी होती. झिला छातीपर्यंतच्या पाण्यात उभा राहून, होडीच्या कडेवरून खाली आलेला तिच्या भावाचा हात चाटत होता.

“माका ठाऊक नाय,” ती म्हणाली, आणि आम्ही दोघी बघत उभ्या राहिलो.